एक ऐपतदार जामीनदार

३ तारीख, मंगळवार

पंपघरातली जादाची मोटर गेली. चोरीला गेली असंच लिहितो. जी वस्तू जागेवर नाही आणि जिच्या जाण्याची मला कल्पना नाही, तिला दुसरा शब्द नाही. इमारतीचा सेक्रेटरी या नात्याने मी दर महिन्याच्या तीन तारखेला पंपघराची पाहणी करतो. आज पाहतो तर सिमेंटच्या ओट्यावर एक तेलकट चौकोन आणि चार बोल्टांची भोकं. बास.

पंपघराच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी मिस्त्रीकडे. मी मोटर नेलेली नाही. उरला कोण?

मिस्त्री म्हणजे आमचा प्लंबर. अकरा वर्षं इमारतीचं पाणी तोच बघतो. वागायला गरीब, पण कागदाची कदर शून्य. पावती मागितली की सिगारेटच्या पाकिटावर लिहून देतो.

हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, आधी त्याला विचारा तरी. एक फोन लावा." मी म्हटलं, "चोराला विचारून चोरी शोधायची नसते." पस्तीस वर्षं सरकारी अभिलेख कार्यालयात काढलेल्या माणसाला कामाची पद्धत बायकोकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही.

तक्रार दोन प्रतींत लिहिली, डावीकडे समास सोडून. ठाण्यातला हवालदार म्हणाला, एवढी सुबक तक्रार त्याने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. बरं वाटलं.

४ तारीख, बुधवार

मिस्त्रीला सकाळी उचलला. दुपारी ठाण्यातून फोनवर हवालदार म्हणाला, "साहेब, हा म्हणतोय की मोटर वाइंडिंगला दिलीय. तुम्हीच चिठ्ठी दिली होती म्हणतो."

"चिठ्ठी दाखवा म्हणावं."

"ती वाइंडिंगच्या दुकानात ठेवून घेतली, म्हणतो. दुकानाला कुलूप आहे. मालक गावाला गेलाय."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "अशी चिठ्ठी दिल्याचं मला आठवत नाही. आणि मला आठवत नाही म्हणजे मी दिलेली नाही. तसंच लिहून घ्या." त्याने लिहून घेतलं. मला आजही तीस वर्षांपूर्वीचे फाइल नंबर पाठ आहेत, चिठ्ठी विसरेन होय!

रात्री हिने पान वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. मी मुद्दाम विषय काढला नाही.

६ तारीख, शुक्रवार

दोन दिवसांत जामीन मंजूर! बातमी ऐकून पित्त खवळलं. म्हणजे आम्ही समास सोडून तक्रारी लिहायच्या आणि कोर्टाने परवा पकडलेला माणूस आज सोडून द्यायचा? तडक ठाण्यावर गेलो. हवालदार शेंगदाणे खात होता.

"बसा, साहेब. सुटतोय कुठला तो? जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला असं थोडंच असतं? पंचवीस हजाराचा ऐपतदार जामीनदार द्या, म्हणालंय कोर्ट. म्हणजे ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा माणूस. त्याने महसूल कचेरीतून ऐपतीचा दाखला आणायचा, कोर्टात उभं राहायचं आणि हमी द्यायची की हा पळून जाणार नाही. असला माणूस यांच्या गोतावळ्यात असता तर हे नळ कशाला दुरुस्त करत बसले असते?"

जीव भांड्यात पडला. व्यवस्था मला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ विचारपूर्वक केलेली आहे. कोणालाही जामीन नाकारायचा नाही आणि कोणी बाहेरही यायचं नाही. दोन्ही बाजूंचा मान राहतो.

९ तारीख, सोमवार

कालपासून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. आम्ही तिसऱ्यावरच राहतो.

सकाळी मिस्त्रीची बायको आली. वाटलं, आता रडारड होणार, पाय धरणार. मी वर्तमानपत्र उघडून तयार बसलो. तिने फक्त पंपघरात राहिलेली अवजारांची पिशवी मागितली. मग पदराच्या टोकात गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मोठ्या इस्पितळाचं पत्र. मिस्त्रीला तिथे कायम नोकरी लागलीय. दोन वर्षं यादीत नाव होतं. येत्या चोवीस तारखेला सकाळी अकराच्या आत स्वतः हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा जाणार. कागद मी नीट वाचला. मसुदा चांगला होता.

ती म्हणाली, "साहेब, तुमच्या ओळखीत कुणी आहे का, नावावर घर असलेलं? भावांना विचारलं, दिरांना विचारलं. सगळे भाड्याने राहतात."

मी म्हटलं, "बाई, मी तक्रारदार आहे. तुम्ही मला हे विचारणं बरोबर नाही."

"बरं," म्हणाली आणि निघाली. ही चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. तोच कप घेऊन तिच्या मागे जिन्यात गेली. पाऊण तास दोघींची कुजबुज चालली होती. बायकांना बोलायला विषय लागतोच असं नाही.

१२ तारीख, गुरुवार

नवा प्लंबर आणला. त्याने एक चावी फिरवली, तळमजल्यावरच्या विमा एजंटाच्या दिवाणखान्यात पाणी. दुसरी फिरवली, गच्चीवरची टाकी रिकामी. मग मला म्हणाला, "काका, पाइपांचा नकाशा कुठाय?"

"नकाशा नाही. सगळं जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात आहे."

"मग डोकं कुठाय?"

"तुरुंगात."

त्याने पाना पिशवीत टाकला आणि निघून गेला. बादल्या भरून जिने चढलो. चौसष्टाव्या वर्षी.

घरपट्टीची पावती फाइलमध्ये नाही. फ्लॅटच्या खरेदीखताची प्रतही जागेवर नाही. हिला विचारलं तर "असेल कुठंतरी" म्हणाली. या घरातून वस्तू नाहीशा व्हायचं प्रमाण वाढलंय. अर्थात घरात कोणी चोर नाही, तेव्हा चिंता नाही. ही अलीकडे रोज सकाळी थोरल्या बहिणीकडे जाते. बहिणीचं गुडघ्याचं दुखणं बळावलं असावं.

१४ तारीख, शनिवार

हे कसं लिहावं कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमारास खाली टेम्पो थांबला. वाइंडिंगच्या दुकानाचा मालक गावाहून परतला होता. त्याने मोटर उतरवली. तीच ती, जादाची, नवीन तार भरलेली. बिल माझ्या हातात दिलं. बिलाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली. इमारतीच्या छापील कागदावर, समास सोडून: जादाची मोटर दुरुस्तीसाठी बाहेर नेण्यास परवानगी आहे. खाली सही.

चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग जावक रजिस्टर काढलं. इमारतीतून जाणारा प्रत्येक कागद मी त्यात चढवतो. पान एकोणीस, क्रमांक सत्तेचाळीस, गेल्या महिन्याची पंचवीस तारीख. अक्षर माझं. त्या दिवशी मला थोडा ताप होता, हेही आता आठवतं.

तरी एक गोष्ट आहे. चिठ्ठीत आठ दिवसांत मोटर परत आणावी असं स्पष्ट लिहिलंय. आठ दिवस झाले दोन तारखेला. मी तक्रार केली तीन तारखेला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही.

हे वाक्य मघाशी लिहिलं तेव्हा बरं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही.

हिला सांगितलं नाही. चिठ्ठी आणि बिल रजिस्टरमध्ये ठेवून रजिस्टर कपाटात ठेवलं.

१५ तारीख, रविवार

कमिटीची तातडीची सभा. विषय एकच: पाणी. सगळ्यांचं एकमत झालं की मिस्त्रीला बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. जामीनदार कोण होणार म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी हात वर केले, हो म्हणायला नव्हे. विमा एजंट म्हणाला, त्याचा फ्लॅट बँकेकडे गहाण आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, मुलाला विचारावं लागेल, तो परदेशात असतो आणि आत्ता झोपला असेल. प्राध्यापकांनी वीस मिनिटं सांगितलं की गरीब माणूस जामीन मिळूनही आत राहतो ही समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मग तुम्ही रहा ना जामीन." तर म्हणाले, "मी तत्त्वाबद्दल बोलतोय."

शेवटी मीच म्हटलं, "मी राहतो."

कोणीतरी मागून पुटपुटलं, "शिक्कासाहेबांनीच आत घातला ना त्याला?" मला पाठीमागे शिक्कासाहेब म्हणतात हे आज कळलं. मी म्हटलं, इमारतीच्या हितापुढे मी वैयक्तिक मतभेद बघत नाही. टाळ्या झाल्या. मोटर परत आल्याचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं नाही.

१६ तारीख, सोमवार

ठाण्यात गेलो. हवालदाराला म्हटलं, "मोटर मिळाली. सोडा त्याला."

"कुठं मिळाली?"

"पंपघरात आहे. बसवायची राहिलीय."

"म्हणजे चोरीचा माल फिर्यादीकडेच? अहो साहेब, मग ती जप्त करायला लागेल."

मी हादरलोच. मोटर जप्त झाली तर पाणी चढायची उरलीसुरली आशाही जाईल. ततपप करत म्हटलं, "राहू द्या, राहू द्या."

तो म्हणाला, "हे बघा, गुन्हा एकदा नोंदला की नोंदला. माल मिळाला म्हणून केस मिटत नाही, ती तिच्या गतीने चालणार. बाहेर काढायचं असेल तर जामीनदार आणा. चिठ्ठीबिठ्ठी काही सापडली का त्या दुकानात?"

मी म्हटलं, "उशीर होतोय, निघतो."

लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहितो: मी खोटं बोललो नाही. उत्तर दिलं नाही, एवढंच.

१७ तारीख, मंगळवार

कोर्टात गेलो. आवारात टपरीजवळ एक माणूस घडीची खुर्ची टाकून बसलेला. पांढरा सदरा, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. सगळे त्याला हमीमामा म्हणतात. हा भाड्याने जामीन राहतो. माझी चौकशी केली, चहा मागवला.

"कोणासाठी पाहिजे, साहेब? चोरी? किरकोळ काम आहे. उद्या सोडवतो. आपला दाखला अव्वल आहे." त्याने फाइल उघडून दाखवली. चार खोल्यांचं दगडी घर, पुढे अंगण, मागे विहीर.

"किती जणांसाठी राहिलात आत्तापर्यंत?"

"मोजत नाही. चाळीसेक असतील."

"एकाच घरावर?"

"घर कुठलं, साहेब! पडून बारा वर्षं झाली. दगडसुद्धा लोकांनी नेले. पण कागदावर कसं दणदणीत उभं आहे बघा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला स्वच्छ सांगितलं, मी खोट्या कागदाला हात लावत नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग तुमचा माणूस खऱ्या तुरुंगात राहील." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मिस्त्रीची वकील भेटली. फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या कचेरीने दिलेली, माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी, हातात सतरा फाइली. म्हणाली, "काका, काळजी करू नका, एक बाई तयार झाल्या आहेत. दाखल्याच्या मागे आहेत." कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाव सांगू नका म्हणाल्यात." मिस्त्रीच्या नात्यातली कोणी असेल. अशा बायकांना कचेरीत कोण उभं करणार? मी माझा अर्ज भरायचं ठरवलं.

१८ तारीख, बुधवार

अर्जाचा नमुना चार पानी. पहिली तीन पानं पंधरा मिनिटांत भरली. चौथ्यावर रकाना: 'आरोपीशी नाते'. शेजारी असं लिहावं तर तो शेजारी नाही. मालक म्हणावं तर तोही नाही. मी कधी खोटी माहिती भरत नाही. खरं ते लिहिलं: तक्रारदार.

खिडकीतल्या कारकुनाने वाचलं, मान वर केली, पुन्हा वाचलं. मग आतल्या दोघांना बोलावलं. तिघं पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणता हा चोर, आणि तुम्हीच हमी देता हा भरवशाचा?"

मी म्हटलं, "नियमात कुठे बसत नाही ते दाखवा."

त्यांनी शोधलं. बसतंय निघालं. तेवढ्यात कारकुनाने विचारलं, "मालमत्ता कोणाच्या नावावर?" तेव्हा मला आठवलं की फ्लॅट हिच्या नावावर आहे. हिच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या पैशांतून घेतला होता, म्हणून कागद हिच्या नावाने केला. चौतीस वर्षं मी दारावर माझ्या नावाची पाटी लावून राहतोय, त्यामुळे लक्षात राहिलं नाही. माझ्या स्वतःच्या नावावर एक स्कूटर आहे. ती चालत नाही.

घरी येऊन हिला म्हटलं, "मिस्त्रीसाठी जामीन राहायचंय. तुझ्या सह्या लागतील."

"तुम्ही? का?"

"इमारतीचं पाणी."

हिने माझ्या हातातला नमुना उलटून पाहिला. "पाणी," म्हणाली आणि आत गेली. अंगठ्याला निळी शाई लागली होती तिच्या. बहिणीकडे पेनं गळतात वाटतं.

२० तारीख, शुक्रवार

ही दुपारचे दोन वाजले तरी आली नाही. मेव्हणीकडे फोन केला. मेव्हणी जरा थांबली आणि म्हणाली, "हो हो, इथेच होती, आत्ताच निघाली." चारला आली. चपला धुळीने माखलेल्या, चेहरा उन्हाने लाल. आल्याआल्या पंख्याखाली बसून दोन तांबे पाणी प्यायली. तेही मीच खालून आणलेलं. म्हणाली, "काय माणसं असतात एकेक! उद्या या, परवा या, साहेब जेवायला गेलेत, शिक्का कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली रजेवर आहे."

मी म्हटलं, "बहिणीकडे?"

"हो. बहिणीकडे."

त्या घरातला कारभार मला कधीच पटला नाही.

चोवीस तारखेला चार दिवस राहिले. रात्री डोळा लागत नाही, दिवसा कपाट दिसतं.

२३ तारीख, सोमवार

सगळं लिहिणार आहे.

आज मिस्त्रीच्या जामिनाचा पुकारा आहे म्हणून कोर्टात गेलो तर पहिल्या बाकावर ही बसलेली. शेजारी मिस्त्रीची बायको. हिच्या हातात ऐपतीचा दाखला, घरपट्टीची पावती, खरेदीखत, सगळं दोऱ्याने बांधून. बारा दिवस ही महसूल कचेरीत खेटे घालत होती, आणि मी मेव्हणीच्या गुडघ्याची चौकशी करत होतो. मला म्हणाली, "बसा. आणि बोलू नका."

पुकारा झाला. ही पुढे गेली. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, चौथ्या पानावर थांबल्या. "आरोपीशी नाते: तक्रारदाराची बायको. हे काय आहे?"

ही म्हणाली, "खरं ते लिहिलंय."

"आरोपीला किती ओळखता?"

"अकरा वर्षं. आम्ही गावाला जातो तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे असते. एकदा माझी बांगडी मोरीच्या नळीत गेली होती. त्याने पाइप खोलून काढून दिली. मला तर ती गेल्याचं माहीतही नव्हतं."

"मग चोरीची तक्रार तुमच्या यजमानांनी कशी केली?"

"ते त्यांनाच विचारा."

न्यायाधीशबाईंनी मला उभं केलं. "तुमची काही हरकत?"

बगलेतल्या पिशवीत जावक रजिस्टर होतं. मी ते सोबत नेलं होतं, हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. आत चिठ्ठी होती. मिस्त्री पिंजऱ्यात उभा होता, दाढी वाढलेली, माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो असं वाटतं. तो नुसता वाट बघत होता, नळाखाली बादली लावून बसतात तशी.

मी म्हटलं, "हरकत नाही." आणि बसलो.

जामीन स्वीकारला. चार वाजता सुटकेचा आदेश टाइप होऊन आला. वकील मुलगी घाईत होती. म्हणाली, "चला चला, तुरुंगाच्या दारावर पेटी आहे, आदेश त्यात टाकायचा. ती रोज पाचला उघडतात." मी म्हटलं, जरा बघू तरी. आदेशावर शिक्का होता, सही होती, पण जावक क्रमांक नव्हता. क्रमांकाशिवाय सरकारी कागद बाहेर पडतोच कसा? मी म्हटलं, "हा कागद असा न्यायचा नाही. तुरुंगवाले परत पाठवतील आणि मग बसा बोंबलत." मुलगी म्हणाली, "नाही हो काका, चालतं." मी म्हटलं, "पस्तीस वर्षं हेच केलंय." जावक कारकून चहाला गेला होता. त्याला शोधून आणला, रजिस्टर काढायला लावलं, क्रमांक घातला, त्याखाली तारीख घातली. आदेश आता बघण्यासारखा झाला होता. मी स्वतः मिस्त्रीच्या बायकोच्या हातात दिला.

तुरुंगाच्या दारात पोहोचलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. शिपाई पेटीला कुलूप लावत होता. आदेश हातात घेऊन त्याने एकदा पाहिला. क्रमांकाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. म्हणाला, "टाका आत. उद्या पाचला उघडेल."

"उद्या सकाळी अकराला त्याला इस्पितळात..."

"उद्या पाचला."

मिस्त्रीची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, साहेब." हिने तिला हात धरून नेलं. मी बसस्टॉपवर एकटा उभा राहिलो.

२४ तारीख, मंगळवार

नऊ वाजताच इस्पितळात जाऊन बसलो. आस्थापना विभागातल्या माणसाला सगळं सांगितलं. माणूस सुटलेला आहे, फक्त बाहेर यायचा आहे, संध्याकाळपर्यंत थांबा. त्याने फाइलमधली पत्राची प्रत उलटसुलट पाहिली. डावीकडे समास होता. म्हणाला, "इथे स्पष्ट लिहिलंय, अकराच्या आत स्वतः. मी वैयक्तिक काही करू शकत नाही. कागद म्हणजे कागद."

असा माणूस मी ओळखतो. दाढी करताना रोज बघतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावला. माझ्यासमोरच.

मिस्त्री संध्याकाळी सुटला. वीस दिवसांनी. त्यातले अठरा जामीन मंजूर झाल्यानंतरचे.

हिने जेवायला वाढलं. एकच वाक्य बोलली: "मोटरीचं बिल तुम्ही कपाटात लपवलंत, त्याच कपाटात माझ्या साड्या असतात."

म्हणजे हिला चौदा तारखेपासून माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

२६ तारीख, गुरुवार

रजिस्टर आणि चिठ्ठी घेऊन ठाण्यात गेलो. हवालदाराने थेट इन्स्पेक्टरपुढे बसवलं. मी सगळं सांगितलं: परवानगी मी दिली होती, मी विसरलो, आठवल्यावरही गप्प बसलो, माझ्यामुळे निर्दोष माणूस आत राहिला.

इन्स्पेक्टर म्हणाला, "अहो काका, वय झालं की होतं असं. कशाला लिहून देताय? केस आपोआप थंड होईल."

मी म्हटलं, "लिहून घ्या. दोन प्रतींत."

नाइलाजाने घेतलं. मग म्हणाला, "हे कोर्टाला पाठवतो, त्याची केस मिटेल. पण खोटी माहिती दिल्याची नोंद तुमच्यावर करावी लागेल. मग रीतसर अटकही दाखवावी लागेल."

मनात कुठेतरी तयारी होती. हातरुमाल, गोळ्या, जाड चादर, सगळं पिशवीत घेऊन गेलो होतो. म्हटलं, "जामीनदार आणावा लागेल ना? बायकोचा दाखला एकासाठी वापरून झालाय."

"तुम्हाला कशाला जामीनदार?" तो हसला. "तुमच्या स्वतःच्या हमीवर सोडतो. इथे सही करा. बोलावलं की यायचं, बस. तुम्ही कुठे पळून जाणार?"

"मिस्त्री तरी कुठे पळून जाणार होता?"

मी विनोद केला असं समजून तो मोठ्याने हसला आणि चहा मागवला. चहा धरून सगळं दहा मिनिटांत आटोपलं. चादर तशीच घडी घालून परत आणली.

२८ तारीख, शनिवार

सकाळी मिस्त्री आला. न बोलावता. थेट पंपघरात गेला, मोटर बसवली, चाव्या फिरवल्या, अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी. मी त्याच्यामागे बॅटरी धरून उभा होतो. पंपघरात दिवसाही अंधार असतो. शेवटी म्हटलं, "ती पेटी पाचला उघडतात हे त्या मुलीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तो बोल्ट आवळत म्हणाला, "आत सगळ्यांना माहीत असतं. पावणेपाचपासून कुणी बोलत नाही. सगळे दाराकडे बघत बसतात, आज कुणाचं नाव येतंय. सोमवारी मीपण बसलो होतो, साहेब. वकीलबाई कोर्टात म्हणाल्या होत्या, आज नक्की. नवा शर्ट घातला होता."

"बॅटरी जरा स्थिर धरा," म्हणाला. धरली.

मग हात पुसत त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. "परवा काकू म्हणाल्या, तुम्हाला पण ठाण्यात बसवलं. माझ्यापायी. आत घातलं नाही ना तुम्हाला? जामीनदार कोण मिळाला?"

मी म्हटलं, "कोणी लागला नाही. सही केली. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं?"

"चहा धरून."

त्याने पाना पुसून ठेवला. मग मान हलवून म्हणाला, "बरं झालं, साहेब. तुम्हाला झेपलं नसतं." अगदी मनापासून म्हणाला. अवजारांची पिशवी उचलली आणि गच्चीवरची टाकी बघायला गेला.